ठेवीदाराचे धन : मेलबर्न आणि भांडुप

ता. २४ सप्टेंबर २०१९, मंगळवार. पितृपंधरवडा संपत आला होता आणि घटस्थापना पाच दिवसांवर होती. त्या सकाळी मुंबईच्या उपनगरांतील हजारो घरांत मोबाइलवर एकच संदेश आला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने आदल्या दिवशी निर्बंध घातले होते. बँकेने नवे कर्ज देऊ नये, नवी ठेव घेऊ नये, आणि कोणाही ठेवीदारास पुढील सहा महिन्यांत एकूण एक हजार रुपयांहून अधिक देऊ नयेत, असा तो हुकूम होता. दिवसाला किंवा आठवड्याला हजार नव्हे, सहा महिन्यांत मिळून हजार. भांडुपपासून अंधेरीपर्यंत शाखांसमोर माणसे जमली. कोणाच्या हातात पासबुक होते, कोणाच्या हातात मुदत ठेवीची पावती, आणि कित्येकांच्या डोळ्यांत नुसते आश्चर्य. पैसे बँकेत आहेत, पासबुकात आकडा छापलेला आहे, मग ते मिळत का नाहीत, हा प्रत्येकाचा प्रश्न होता.

प्रश्न भाबडा वाटतो, परंतु त्याचे उत्तर सुशिक्षित घरांतही फार थोड्यांस ठाऊक असते. ‘ठेव’ हा मराठी शब्दच मुळी थोडा फसवा आहे. पूर्वी गावातला मनुष्य काशीयात्रेस निघाला की दागिन्यांची पुरचुंडी सावकाराकडे ठेवी आणि परत आल्यावर तीच पुरचुंडी, त्याच गाठीसह, परत घेई. ती खरी ठेव. बँकेत भरलेला पैसा ह्या जातीचा नव्हे. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेने १८४८ साली ‘फोली विरुद्ध हिल’ ह्या खटल्यात हा मुद्दा कायमचा निकालात काढला. बँकेत भरलेला पैसा त्या क्षणापासून बँकेचा होतो. ती तो वाटेल तसा वापरू शकते. मागितल्यावर तितकी रक्कम देणे एवढेच तिचे कर्तव्य. म्हणजे ठेवीदार हा धनको आणि बँक ही ऋणको. पासबुक ही तिजोरीची किल्ली नसून एक प्रकारचा कर्जरोखा होय. ज्याने आयुष्याची पुंजी बँकेत भरली, त्याने ती बँकेला उसनी दिली, आणि बँकेने ती तिसऱ्याच कोणास तरी उसनी दिली.

तेव्हा ठेवीदाराने खरा विचारावयाचा प्रश्न ‘व्याज किती’ हा नसून ‘तो तिसरा कोण’ हा आहे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर असे निघाले की, बँकेने दिलेल्या सुमारे ८,८०० कोटी रुपयांच्या कर्जापैकी सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे शंभरांतील त्र्याहत्तर रुपये, हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड ह्या एकाच बांधकाम कंपनीकडे व तिच्या भावंड कंपन्यांकडे गेले होते. त्या वेळचा नियमही काही फार कडक नव्हता. एका कर्जदारास बँकेच्या भांडवल निधीच्या १५ टक्के आणि एका उद्योगसमूहास ४० टक्के, एवढी मर्यादा होती. ही मर्यादा भांडवलाच्या प्रमाणात मोजावयाची, आणि बँकेचे भांडवल तिच्या एकूण कर्जांच्या मानाने लहानसे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्र्याहत्तर टक्क्यांचा अर्थ उमजतो. पोलिसांकडे गेलेल्या फिर्यादीनुसार, ह्या समूहाची चव्वेचाळीस खाती झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती कागदोपत्री उभी करण्यात आली होती. बँकेच्या शेवटच्या वार्षिक अहवालात थकीत कर्जांचे प्रमाण पावणेचार टक्के दाखविले होते. अहवाल छापील होता, लेखापरीक्षकांच्या सह्यांचा होता, आणि सभासदांस पाठविलेला होता.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बँकेची मुख्य कचेरी भांडुप पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावरील ड्रीम्स मॉलमध्ये होती आणि तो मॉल त्याच कंपनीने बांधलेला होता. ज्या छताखाली बसून कर्जदाराची पत तपासावयाची, ते छतच कर्जदाराने घातलेले! ह्यात बेकायदेशीर असे काही नसेलही. परंतु रोज त्या जिन्याने वर चढणाऱ्या शेकडो ठेवीदारांपैकी कोणाच्या मनात शंका आली नाही, ह्याचे नवल वाटते. कदाचित नवल वाटू नये. उपनगरांतील मध्यमवर्गाने सहकारी बँकेकडे नेहमी आप्तभावाने पाहिले आहे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर ह्यांनी १८८९ साली बडोद्यास अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा त्या कल्पनेचे सगळे बळ परस्परांच्या ओळखीत होते. कर्ज मागणारा कोण, त्याचा बाप कोण, त्याची नोकरी कोठे, हे देणाऱ्याला ठाऊक असे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकही १९८४ साली शीवला एका लहानशा जागेत सुरू झाली होती. पस्तीस वर्षांत तिच्या १३७ शाखा झाल्या, ठेवी ११,६०० कोटींवर गेल्या, ती अनेक राज्यांत पसरली. ओळख केव्हाच संपली होती. ओळखीवरचा विश्वास मात्र तसाच राहिला होता.

हा सर्व प्रकार नवा आहे, मुंबईचाच आहे, किंवा आजकालच्या नीतिमत्तेचा परिणाम आहे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या बँका, बाजार आणि राजकारण ह्यांचे आजचे काही वाद समजून घ्यावयाचे, तर त्यांचे मूळही तेथेच सापडते.

व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोने सापडले आणि मेलबर्न हे शहर दोन पिढ्यांत पाच लाख वस्तीच्या जवळ जाऊन पोहोचले. १८८० नंतरच्या दशकात ह्या शहराला उपनगरांचे वेड लागले. आगगाडीचा फाटा निघाला की त्याच्या दुतर्फा कुरणे विकत घ्यावयाची, त्यांचे लहान लहान तुकडे पाडावयाचे आणि एकरात घेतलेली जमीन फुटांच्या हिशेबाने विकावयाची, हा धंदा झाला. आगगाडीचा फाटा कोठून न्यावयाचा हे विधिमंडळ ठरवी, आणि विधिमंडळातील अनेक सभासद स्वतःच जमिनीचे व्यापारी होते. १८८४ च्या रेल्वे कायद्याने इतक्या फाट्यांस एकदम मंजुरी दिली की लोकांनी त्यास ‘आठ पायांच्या माशा’चे नाव दिले. विरार, बोरिवली किंवा मुलुंडकडे राहणाऱ्या वाचकास हे चित्र परके वाटणार नाही. फलाट आधी, इमारती मागाहून, आणि जमिनीचा भाव फलाटाच्याही आधी, हा क्रम तेथेही होता.

ह्या खरेदीला पैसा कोठून आला? काही लंडनहून, आणि फार मोठा भाग ठेवींतून. मेलबर्नच्या बँका स्कॉटलंडमध्ये वकिलांमार्फत ठेवी गोळा करीत. एडिंबरोच्या विधवा आणि पेन्शनर, ज्यांनी ऑस्ट्रेलिया नकाशावरदेखील नीट पाहिला नसेल, ते दीड-एक टक्का अधिक व्याजासाठी मेलबर्नच्या कुरणांचे धनको बनले. जोडीला ‘जमीन बँका’ आणि घरबांधणी संस्था निघाल्या. त्या एकमेकींच्या तारणावर एकमेकींस कर्ज देत, आणि भाव चढत असेतोवर सगळ्यांचे ताळेबंद सुरेख दिसत. ह्या मंडळींत जेम्स मन्रो हे मोठे नाव. मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते, धर्मशील गृहस्थ, फेडरल बँकेचे व रिअल इस्टेट बँकेचे संस्थापक, आणि १८९० च्या नोव्हेंबरपासून प्रांताचे मुख्यमंत्री. त्याच नोव्हेंबरात लंडनची बेअरिंग ही पेढी डबघाईस आली, इंग्लंडचा पैसा आखडला, आणि मेलबर्नचा फुगा हवा सोडू लागला. १८९१ च्या डिसेंबरात मन्रोंच्या रिअल इस्टेट बँकेने दारे लावली. दोनच महिन्यांनी मुख्यमंत्रिपद सोडून मन्रो प्रांताचे प्रतिनिधी म्हणून लंडनला निघून गेले. ठेवीदार बंदरावर उभे राहून पाहत राहिले, असे म्हटले तरी चालेल. पुढे मन्रो परत आले आणि दिवाळखोर ठरले, एवढे त्यांच्या बाबतीत सांगितले पाहिजे. इतर पुष्कळांनी धनकोंशी गुपचूप तडजोडी करून पौंडामागे काही पेन्स दिले आणि आपली घरे राखली.

१८९३ च्या जानेवारीत फेडरल बँक बुडाली. एप्रिलच्या आरंभी कमर्शियल बँक ऑफ ऑस्ट्रेलियाने व्यवहार थांबविले. मग एकीमागून एक दारे लागत गेली. १ मे रोजी व्हिक्टोरिया सरकारने पाच दिवसांची बँक-सुट्टी जाहीर केली. ठेवीदारांना धीर यावा हा हेतू; परिणाम उलटा झाला, कारण ज्यास शंका नव्हती त्यासही ती आली. दोन मोठ्या बँकांनी सुट्टी न पाळता दारे उघडी ठेवली आणि त्या तरल्या. मेच्या मध्यापर्यंत डझनभर व्यापारी बँका बंद होत्या.

त्यानंतर जे घडले ते भांडुपच्या ठेवीदाराने विशेष लक्षपूर्वक वाचावे. ह्या बँकांपैकी बहुतेक बुडविल्या गेल्या नाहीत. त्यांची ‘पुनर्रचना’ झाली. म्हणजे असे की, जुन्या बँकेच्या जागी त्याच नावाची नवी बँक नोंदवावयाची; ठेवीदाराच्या ठेवीचा काही भाग कित्येक वर्षे मुदतीच्या पावतीत बदलावयाचा; काही भागाबद्दल त्यास नव्या बँकेचे शेअर द्यावयाचे; आणि दारे पुन्हा उघडावयाची. कागदोपत्री कोणाचाही पेनी बुडाला नाही. परंतु ज्यास आज भाकरी हवी त्यास दहा वर्षांनंतरची पावती काय उपयोगाची? अशा पावत्या बाजारात पडत्या भावाने विकल्या जात आणि ज्यांस घाई नव्हती ते श्रीमंत त्या विकत घेत. काही ठेवींची परतफेड विसाव्या शतकात जाऊन पोहोचली.

आता २५ जानेवारी २०२२ ह्या तारखेकडे यावे. त्या दिवशी सरकारच्या योजनेनुसार पंजाब अँड महाराष्ट्र बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. योजनेचा गाभा असा : व्यक्तिगत ठेवीदारास पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून, त्यापुढे पहिल्या वर्षाअखेर पन्नास हजारांपर्यंत, दुसऱ्या वर्षाअखेर पन्नास हजार, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, चौथ्या वर्षाअखेर अडीच लाख, पाचव्या वर्षाअखेर साडेपाच लाख, आणि एवढ्या पंधरा लाखांपलीकडे जे काही उरेल ते दहा वर्षांनी. व्याज अनेक वर्षे नाही. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेचे ऐंशी टक्के एक टक्का लाभांशाच्या कायमच्या शेअरांत आणि वीस टक्के पुढे शेअर मिळण्याच्या हक्कपत्रांत बदलले. १८९३ चा मसुदा कोणी समोर ठेवून नक्कल केली असेल असे नव्हे. रोकड कमी, जमीन विकली जात नाही, आणि बँक उघडी तर ठेवावयाची आहे, अशा पेचात सापडलेल्या माणसांना मेलबर्नमध्ये जे सुचले तेच दिल्लीत सुचले, इतकेच.

दोन्ही ठिकाणी दोष फक्त लबाडीचा मानण्याची चूक मात्र करू नये. लबाडी नसती तरी धोका होताच. ठेव मागताक्षणी द्यावी लागते. जमीन मागताक्षणी विकली जात नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीचे उदाहरण घ्यावे. ह्याच समूहातील एका कंपनीने २००८ मध्ये म्हाडाशी करार करून तेथील ६७२ भाडेकरूंच्या पुनर्वसनाचे काम घेतले. चाळ पाडली गेली, घरे मात्र वर्षानुवर्षे झाली नाहीत, आणि अखेर म्हाडालाच काम हाती घ्यावे लागले. विमानतळाभोवतीच्या झोपडपट्टीच्या पुनर्वसनाचे त्याहूनही मोठे काम ह्या समूहाकडे होते. तो करार २०१३ मध्ये मोडला. परवानगी, कोर्ट, भाडेकरू, निवडणूक, महापालिका, ह्यांपैकी एखादा दुवा अडला की इमारत दहा वर्षे जागच्या जागी उभी, किंबहुना अर्धवट उभी राहते. तिच्यात अडकलेला पैसा मात्र मुलुंडच्या पेन्शनरास पुढल्या सोमवारी हवा असतो. हा विसंवाद कोणत्याही कायद्याने नाहीसा होत नाही. फार तर एका कर्जदारास किती द्यावे ह्यावर मर्यादा घालून तो आटोक्यात ठेवता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या मार्चमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी समूहाची मर्यादा चाळीसवरून पंचवीस टक्क्यांवर आणली आणि ती भांडवलाच्या अधिक शुद्ध भागावर मोजावयास सांगितले. हे चांगले झाले. सहा महिने आधी झाले असते तर अधिक चांगले झाले असते, असे कोणी म्हणेल. परंतु जेथे खातीच खोटी, तेथे मर्यादा कोणती धरणार?

ठेवीदाराच्या संरक्षणाचे दुसरे साधन म्हणजे ठेव विमा. ह्या बाबतीत भारताने ऑस्ट्रेलियाच्या पुष्कळ आधी पाऊल टाकले, ही गोष्ट येथे फारशी कोणास माहीत नाही. लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक ह्या दोन बँका १९६० मध्ये बुडाल्या, मोठा गहजब झाला, आणि १ जानेवारी १९६२ पासून सरकारने ठेव विमा महामंडळ सुरू केले. अमेरिकेने १९३३ मध्ये असे केले होते. त्यानंतरचा देश भारत. मर्यादा दर ठेवीदारास दीड हजार रुपये. पुढे ती पाच, दहा, वीस, तीस हजार अशी वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तेथेच सत्तावीस वर्षे खिळून राहिली. घरांचे भाव आणि शिक्षकांचे पगार कोठून कोठे गेले, पण लाख तो लाखच. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांनी जो आक्रोश केला त्याचे एक फळ असे की ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख झाली. दुसरे फळ २०२१ च्या दुरुस्ती कायद्याचे. तत्पूर्वी बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे, आणि निर्बंध तर वर्षानुवर्षे चालत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. आता निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी असा नियम आहे.

ऑस्ट्रेलियात मात्र २००८ पर्यंत असा विमाच नव्हता. १८९३ च्या अनुभवानंतर तेथील लोकांनी निराळा मार्ग धरला होता. मजूर पक्षाने सरकारी बँकेचा आग्रह धरला आणि १९११ च्या कायद्याने कॉमनवेल्थ बँक स्थापन झाली. तिच्या पाठीशी सरकारची हमी. १९४७ मध्ये पंतप्रधान चिफली ह्यांनी सगळ्याच खासगी बँका ताब्यात घेण्याचा कायदा केला. न्यायालयाने तो पुढील वर्षी रद्द केला, आणि १९४९ च्या निवडणुकीत चिफलींचा पराभव झाला. (भारतातही १९६९ चा राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयाने १९७० मध्ये रद्द केला होता, फरक इतकाच की येथे सरकारने लगोलग दुसरा कायदा करून काम तडीस नेले.) पुढे १९९१ ते १९९६ ह्या काळात कॉमनवेल्थ बँकही खासगी मालकीची झाली. त्यामुळे २००८ च्या जागतिक अरिष्टात ऑस्ट्रेलियन सरकारला ऑक्टोबर महिन्यात घाईघाईने दहा लाख डॉलरपर्यंतच्या ठेवींची हमी द्यावी लागली. १ फेब्रुवारी २०१२ पासून ती दर बँकेत दर माणशी अडीच लाख डॉलर आहे. भारतीय बँका ह्या विम्याचा हप्ता आगाऊ भरतात; २०२५ मध्ये तो दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे बारा पैसे होता. ऑस्ट्रेलियात आगाऊ काही नाही, बँक बुडाल्यास सरकार पैसे देणार आणि कमी पडल्यास उरलेल्या बँकांकडून वसूल करणार. भारतातील हप्त्याची एक खोड अशी की धडधाकट बँक आणि आजारी बँक दोघींना तो वर्षानुवर्षे सारखाच होता. बँकेची प्रकृती पाहून हप्ता ठरविण्याचे धोरण रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले.

येथपर्यंत ऑस्ट्रेलियाचा ठेवीदार अधिक सुखी दिसतो. परंतु ठेव सुरक्षित म्हणजे ग्राहक सुरक्षित असे नव्हे, हेही त्याच देशाने दाखविले. तेथे चार बड्या बँकांच्या हाती बहुतेक धंदा आहे. त्यांच्या वर्तनाबद्दल तक्रारी वाढल्या तरी सरकार चौकशी आयोग नेमावयास दोन वर्षे नकार देत राहिले. अखेर पक्षातल्याच काही सभासदांनी बंडाची भाषा केली, चार बँकांच्या प्रमुखांनी स्वतःच चौकशीची मागणी करणारे पत्र दिले, आणि २०१७ च्या डिसेंबरात माजी न्यायमूर्ती केनेथ हेन ह्यांचा आयोग नेमला गेला. दहा हजारांहून अधिक निवेदने आली. उलटतपासणी उघड झाली, घराघरांत दिसली. जी सेवा दिलीच नाही तिची फी घेतल्याचे निघाले. मृत ग्राहकांच्या खात्यांतूनसुद्धा सल्ल्याची फी वर्षानुवर्षे कापली गेल्याचे निघाले. २०१९ च्या फेब्रुवारीत अहवाल बाहेर आला, शहात्तर शिफारशी झाल्या, आणि त्याच आठवड्यात नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेचे अध्यक्ष आणि मुख्याधिकारी दोघांनी राजीनामे दिले.

मुंबईत काय झाले? अटका झाल्या, खटले उभे राहिले, ते आपल्या गतीने चालले आहेत. विधानसभेची निवडणूक २१ ऑक्टोबर २०१९ रोजी होती. त्याआधी अकरा दिवस अर्थमंत्री मुंबईत आल्या तेव्हा ठेवीदारांनी त्यांना गाठले, आश्वासने मिळाली. पैसे काढण्याची मर्यादा हजारावरून दहा हजार, पंचवीस, चाळीस, पन्नास हजार आणि २०२० च्या जूनमध्ये एक लाख झाली. पन्नास हजारांची मर्यादा आली तेव्हाच शंभरांतील अठ्ठ्याहत्तर ठेवीदारांना आपली सगळी शिल्लक काढता येत होती. आकडा दिलासा देणारा आहे, आणि त्यामुळेच उरलेल्या बाविसांचा आवाज क्षीण झाला. हे बावीस म्हणजे धनाढ्य नव्हेत. निवृत्तीची सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवणारी, घर विकून आलेला पैसा मुदतीत गुंतविणारी माणसे. आजारपणासाठी जादा रक्कम मिळावी म्हणून काहींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ह्याउलट २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेवर बंधने आली, तेव्हा स्टेट बँकेसह इतर बँकांना पुढे करून तेरा दिवसांत ती उठविण्यात आली. मोठ्या बँकेच्या पडण्याने बाजार हादरतो, सहकारी बँकेच्या पडण्याने काही मोहल्ले हादरतात. सरकारी घाईचे माप ह्यावर ठरते, हे कटू असले तरी खरे आहे. शिवाय सहकारी बँकेवर त्या वेळेपर्यंत दोन धनी होते, रिझर्व्ह बँक आणि राज्याचा सहकार निबंधक. दोषाच्या वेळी प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय होती. २०२० च्या सप्टेंबरातील कायद्याने रिझर्व्ह बँकेचे अधिकार पुष्कळ वाढविले.

त्या बदलाचा गुण पाच वर्षांनी दिसला, असे म्हणण्यास जागा आहे. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ही १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस ह्यांनी कामगारांसाठी काढलेली बँक. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध आले. तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या रोकडीचा अपहार झाल्याचा गुन्हा नोंदविला गेला. दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या शाखेसमोर जी गर्दी जमली ती २०१९ सारखीच होती. पण ह्या वेळी संचालक मंडळ तत्काळ बाजूस झाले, दोन आठवड्यांत पंचवीस हजारांपर्यंत काढण्याची मुभा मिळाली, आणि ४ ऑगस्ट रोजी १९१८ पासून चालत आलेल्या सारस्वत बँकेने तिला पोटात घेतले. ठेवीदारांना पूर्ण ठेव मिळाली. सहा महिन्यांची चिंता झाली, दहा वर्षांची नव्हे.

तरीही विम्याचे नियम प्रत्येक घरात माहीत असावयास हवेत, आणि ते गुंतागुंतीचेही नाहीत. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात. एकाच बँकेच्या मुलुंड आणि बोरिवली शाखांत ठेव असली तरी ती एकत्र मोजतात. दोन निरनिराळ्या बँकांत असल्यास निरनिराळी. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याची गणना त्यांच्या व्यक्तिगत खात्यांहून वेगळी होते, आणि नावांचा क्रम उलटा असलेले दुसरे संयुक्त खाते त्याहूनही वेगळे. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा मुळीच नाही. कोपऱ्यावरच्या पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द असला तरी तिच्याखाली ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’ हे वाचल्यावाचून आत पाऊल टाकू नये. आणि सर्वांत दुर्लक्षित बाब गृहनिर्माण संस्थांची. शंभर बिऱ्हाडांच्या सोसायटीने इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी पंधरा वर्षे साठविलेला निधी एका बँकेत असेल, तर विम्याच्या दृष्टीने ती सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. तिला पाच लाख. घरटी हिशेब केला तर पाच हजार रुपये. दर सप्टेंबरात सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाटला जातो, ‘बँकेतील मुदत ठेवी’ ही ओळ त्यात असते, आणि चर्चा मात्र गाडी कोठे लावावी ह्यावर होते.

युनिटी बँकेच्या योजनेतील पाचव्या वर्षाअखेरचा हप्ता जानेवारी २०२७ चा आहे, आणि पंधरा लाखांपलीकडची रक्कम ज्यांची अडकली त्यांची अखेरची तारीख जानेवारी २०३२ ची. २०१९ च्या त्या मंगळवारी जो ठेवीदार सत्तर वर्षांचा होता, तो त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचा असेल.